नावनिशी आणि पाचवे नाव

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 24 : 1-10, स्तोत्र 87, लूक 2 : 1-5, लूक 15 : 1-7



तारणाऱ्याच्या जन्माची हकिकत सांगताना लूक प्रथम सरकारी हुकूम सांगतो. कैसर औगुस्ताने आज्ञा काढली, क्विरीनिय सुरियाचा सुभेदार होता, आणि जो तो आपले नाव लिहून देण्यास आपापल्या गावी निघाला. देवदूत व मेंढपाळ मागाहून येतात. नाताळात हा भाग वाचताना आपण ही पहिली वचने घाईने उरकतो, कारण आपले लक्ष गव्हाणीकडे लागलेले असते. (क्विरीनियाच्या कारकिर्दीच्या सालाविषयी विद्वानांत मोठा वाद आहे, त्यात आज शिरत नाही.) परंतु आपल्या दारावर शिरगणतीचा माणूस येऊन उभा राहिला म्हणजे ही वचने निराळीच वाटू लागतात.

तेलंगण राज्यात 6 नोव्हेंबर 2024 पासून घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. प्रथम दारांवर स्टिकर चिकटविण्यात आले आणि मग फॉर्म घेऊन गणक आले. ते बहुधा प्राथमिक शाळांचे शिक्षक होते. सकाळी शाळा व दुपारनंतर लोकांचे जिने, असा त्यांचा क्रम. आमच्या सिकंदराबादच्या घरी एक शिक्षिका आल्या, तो दिवस अगदी साधा होता. नळाला पाणी येण्याचा वार असल्यामुळे सकाळ पिंपे भरण्यात गेली होती. आई खिडकीपाशी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडीत बसली होती. माझी साप्ताहिक सुटी होती व मी शब्बाथशाळेच्या धड्याची टिपणे काढीत होतो. बाईंनी तीन मजले चढून दार वाजविले, पाणी मागितले, आणि जमिनीवरच बैठक मारून फॉर्म उघडला. त्या फॉर्मात 75 प्रश्न होते. धर्म, जात, शिक्षण, धंदा, उत्पन्न, जमीन, कर्ज, सर्व काही विचारायचे होते.

पहिला प्रश्न सोपा होता. घरात माणसे किती? मी चार म्हणण्याच्या आत आई म्हणाली, "पाच."

बाईंनी चार नावे लिहिली. आई, मी, माझी पत्नी, आमची मुलगी. मग पेन थांबले. "अम्मा, पाचवे कोण?" आईने माझ्या धाकट्या भावाचे नाव सांगितले. त्याची नोकरी सुटली, कर्ज झाले, आणि एका पहाटे तो घरातून गेला, त्याला नऊ वर्षे झाली. पहिल्या वर्षी दोन वेळा फोन आला होता, पुढे तोही नाही. मी बाईंना तेलुगूत हळूच समजावून सांगितले. त्यांनी आईकडे पाहिले व नम्रपणे सांगितले की जो या घरात राहत नाही त्याचे नाव या कागदावर लिहिता येत नाही, तो असेल तेथे त्याला कोणीतरी लिहील.

आई म्हणाली, "लिहू नका, बाई. पण ऐकून तर घ्या." आणि तिने त्याचे पूर्ण नाव, वय, कितवीपर्यंत शिकला, कोणते काम येते, हे सर्व त्या फॉर्मच्या क्रमानेच सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवले होते. त्यांना अजून कितीतरी घरे करायची होती, तरी त्यांनी ते सर्व ऐकून घेतले. मग पुढचा प्रश्न झाला.

बाईंनी सांगितलेला नियम योग्यच होता. एका माणसाची नोंद दोन ठिकाणी होऊ लागली तर मोजणीला काय अर्थ राहील? मोठ्या जनगणनेतही हाच नियम असतो. 2011 साली 9 ते 28 फेब्रुवारी ही मुदत होती. तेवढ्या सबंध मुदतीत जो घराबाहेर होता त्याला घरच्या कागदावर लिहिले जात नव्हते. सरकारला जो जेथे आहे तेथे तो हवा असतो. रेशन, शाळा, दवाखाना, मतदारसंघ, यांचा हिशेब त्यावरच बसतो. आईचा हिशेब निराळा होता आणि तोही बरोबर होता. या दोन हिशेबांविषयी पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू.

आपल्यापैकी काही जण म्हणतात की लोकांची मोजदाद करणे हेच मुळी पाप आहे, आणि दाविदाची गोष्ट पुढे करतात. 2024 च्या सर्वेक्षणाच्या वेळीही मी हे ऐकले. एका विश्वासणाऱ्या कुटुंबाने दार उघडले नाही आणि नंतर प्रार्थनासभेत मरीची आठवण दिली. मला हे मान्य नाही. निर्गम 30 मध्ये मोजणी कशी करावी याचा नियम खुद्द परमेश्वराने दिला. गणना या पुस्तकाला तर नावच मोजणीचे मिळाले. रानात लोकांची दोन वेळा शिरगणती झाली (अध्याय 1 व 26) आणि दोन्ही वेळा ती देवाच्या आज्ञेने झाली. तर मग दाविदाचे चुकले कोठे?

2 शमुवेल 24 सावकाश वाचा. यवाबाला नऊ महिने वीस दिवस लागले. तो परत आला तेव्हा त्याने आकडे दिले, इस्राएलाचे आठ लक्ष आणि यहूदाचे पाच लक्ष. हे कोण? तलवार चालविणारे पुरुष. या आकड्यात विधवा नाही, मूल नाही, आंधळा नाही, म्हातारा इशाय असता तर तोही नसता. दाविदाला प्रजा किती हे जाणावयाचे नव्हते, आपले बळ किती हे पाहावयाचे होते. यवाबासारख्या कठोर सेनापतीलाही ते खटकले. 1 इतिहास 21 प्रमाणे त्याने लेवी व बन्यामीन यांना मोजलेच नाही, इतका त्याला त्या कामाचा वीट आला. उलट निर्गमातील मोजणीत प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये, असे ठरले होते. तो पैसा जिवाची खंडणी म्हणून होता. ज्याला मोजले तो राजाचा नव्हता, देवाचा होता, याची ती पावती होती. दावीद नेमका ही पावती विसरला.

मंडळीचा वार्षिक अहवाल लिहिताना आपणही थोडे यवाबाच्या वाटेने जातो. सभासद इतके, वर्गणी भरणारे इतके, नाताळच्या उपासनेस हजर इतके. शेजारच्या मंडळीपेक्षा आकडा मोठा असला की आवाज चढतो. अहवाल असू नये असे मी म्हणत नाही. तथापि जी बहीण चार वर्षे अंथरुणाला खिळून आहे ती यातील कोणत्या रकान्यात येते, हे अहवाल वाचणाऱ्याला विचारून पाहावे.

आता योसेफाकडे वळू. रोमी नावनिशी कर बसविण्यासाठी असे, त्यात प्रजेचे कल्याण फारसे नव्हते. नावनिशीच्याच दिवसांत गालीलकर यहूदाने बंड केले, याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये 5 : 37 मध्ये आहे. म्हणजे लोकांच्या मनात नावनिशीविषयी संताप होता. योसेफही गालीलातलाच. नासरेथाहून बेथलेहेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, वाट डोंगराची, आणि मरीया दिवस भरत आलेली. तरी तो गेला. त्याच्या जाण्याने मीखाचे भविष्य पूर्ण झाले हे आपण जाणतो. त्याला स्वतःला त्या वाटेवर ते कितपत ठाऊक होते कोण जाणे. त्याने एवढेच केले की नाव लिहून देण्याची वेळ आली तेव्हा तो हजर राहिला.

हा देखावा आपण सिकंदराबादकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. 19 ऑगस्ट 2014, मंगळवार. तेलंगण राज्य जन्मून अडीच महिने झाले होते, आणि सबंध राज्याचे सर्वेक्षण एकाच दिवसात करण्याचे ठरले. सुटी जाहीर झाली, दुकाने बंद, बसगाड्या जवळजवळ नाहीत. आपल्या घरी नसलो तर नाव राहील या धास्तीने लोक दोन दिवस आधीपासून गावी निघाले. मुंबई, भिवंडी, सुरत येथे यंत्रमागावर काम करणारे तेलुगू विणकर गाड्या भरभरून आले. सिकंदराबाद स्टेशनावर पाय ठेवण्यास जागा नव्हती. तान्ही मुले होती, दिवस गेलेल्या स्त्रियाही होत्या. त्या वर्षीच्या नाताळात आमच्या शब्बाथशाळेच्या मुलांना, जो तो आपापल्या गावी गेला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

एक गोष्ट येथे लक्षात घ्या. ज्याला देवाने आकाशातील ताऱ्यांची गणती व नावे ठाऊक आहेत असे स्तोत्र 147 सांगते, त्याचा पुत्र कैसराच्या नावनिशीच्या गर्दीत जन्माला आला. जगाच्या इतिहासात बेघर जन्मलेल्या मुलांच्या याद्या कोणी फारशा ठेवल्या नाहीत. पण आपल्या देशाच्या जनगणनेत एक रात्र अशी असते. 2011 साली 28 फेब्रुवारीच्या रात्री गणक रस्त्यांवर निघाले, ज्यांना घर नाही त्यांना मोजण्यासाठी. फलाट, पुलांच्या खालच्या जागा, देवळांच्या पायऱ्या, बंद दुकानांचे ओटे. लोक निजल्यावरच जायचे, कारण दिवसा ते एका जागी सापडत नाहीत. आणि पुढे 1 ते 5 मार्च या दिवसांत गणक पुन्हा घरोघर जाऊन आले. मधल्या काळात जन्मलेल्या मुलाची भर घालायची आणि मेलेल्या माणसाचे नाव कमी करायचे, यासाठी ती फेरी होती.

मी धर्मशास्त्राची पदविका घेताना लूकाच्या पंधराव्या अध्यायावर बरीच पुस्तके वाचली. तरी त्या मेंढपाळाविषयी हा साधा मुद्दा मला जनगणनेच्या या रात्रीवरून सुचला. शंभरातले एक हरवले हे त्याला कसे कळले? त्याने संध्याकाळी मोजले म्हणून. न मोजणाऱ्याला नव्व्याण्णव म्हणजे कळपच वाटला असता, रानात जाण्याचे कारणच पडले नसते. येथे मोजणे हे शोधण्याचे पहिले पाऊल आहे. दाविदाने मोजले आणि तो थांबला. मेंढपाळाने मोजले आणि तो निघाला. त्याच अध्यायातील बापाला विचारले असते, मुलगे किती, तर तो एक म्हणाला असता काय? धाकटा दूर देशी डुकरे राखीत होता, वाटणी घेऊन गेला होता, कायद्याने त्याचा घराशी काही संबंध उरला नव्हता. तरी तो अजून दूर आहे तोच बापाने त्याला पाहिले. आमच्या आईला हा अध्याय पाठ आहे. "पाच" हा आकडा तिने कोठून काढला हे मला निराळे विचारावे लागले नाही.

आणि मेलेल्यांचे काय? मार्चच्या फेरीत नाव कमी होते, ते सरकारचे काम आहे व ते त्याने केलेच पाहिजे. 2011 साली आमच्या घराच्या कागदावर कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांचे नाव होते. 2024 च्या कागदावर ते नव्हते. परंतु लूक 20 मध्ये प्रभू सदूकी लोकांना मोशेच्या झुडपाची आठवण देतो आणि अब्राहाम, इसहाक, याकोब हे देवाच्या दृष्टीने जिवंत आहेत असे शिकवितो. त्या यादीत खाडाखोड करणारी मार्चची फेरी नाही.

आता मला त्या फॉर्मातील एका अवघड रकान्याविषयी बोलले पाहिजे. आपल्या मंडळ्यांत त्याविषयी कुजबुज होते, उघड कोणी बोलत नाही. तो रकाना धर्माचा, आणि त्याच्या शेजारचा जातीचा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना होती. 1956 साली ती शीखांना व 1990 साली बौद्धांना मिळाली. ख्रिस्ती माणसाला ती नाही. तेलंगणात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गीयांच्या 'सी' गटात धरतात, ती सवलत फारच थोडी आहे. म्हणून आपल्यातील काही कुटुंबे रविवारी प्रभुभोजन घेतात आणि कागदावर दुसरा धर्म लिहितात. 2011 च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती 2 कोटी 78 लक्ष, म्हणजे 2.3 टक्के भरले. त्या आकड्यामागे अशी किती घरे आहेत याचा अंदाज बांधण्यात मला रस नाही. मला त्या घरातील बापाची चिंता आहे. गणकापुढे बसून तो एक शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मुलीची कॉलेजची फी असते, आणि शेजारच्या खोलीत म्हातारी आई ते ऐकत असते.

प्रभूने माणसांसमोर त्याला पत्करण्याविषयी जे सांगितले (मत्तय 10) ते सौम्य करण्याचा अधिकार मला नाही. कागदावर खरे लिहावे, हेच मी सांगेन. तोच अध्याय डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत असे सांगतो, हे योगायोगाने झालेले नाही. पत्करणाऱ्याला जे गमवावे लागेल त्याचीही मोजदाद ठेवलेली आहे. परंतु ज्या मंडळीला आपल्या सभासदाने ख्रिस्ती असे लिहावे असे वाटते, तिने त्याच्या मुलीच्या फीचाही विचार करावा. व्यासपीठावरून त्या बापाला भित्रा म्हणणे स्वस्त आहे. आपल्या मंडळ्यांच्या इमारत निधीत पैसा पडून आहे आणि शिक्षण निधीचे खातेच नाही, अशी स्थिती असेल तर कोणी कोणाचा धर्म तपासावा? पंच कमिट्यांनी यावर एक बैठक घ्यावी. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचे ठरविले, आणि त्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 असा जाहीर झाला. हा रकाना आपल्या प्रत्येक घरासाठी आहे.

(ज्यांना आपली माहिती बाहेर जाईल अशी भीती वाटते त्यांनी हे जाणावे की 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे जनगणनेतील वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवाव्या लागतात, आणि त्या कोर्टात पुरावा म्हणूनही घेता येत नाहीत.)

जन्मस्थान हाही जनगणनेतील एक प्रश्न. आपल्या मराठी मंडळींना तो थोडा हळवा करतो. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातून येथे आले. त्या वेळी नांदेड, परभणी, बीड येथून हैदराबादेस येणे म्हणजे परराज्यात जाणे नव्हतेच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. कोणी रेल्वेत होते, कोणी लष्करी वर्कशॉपात, कोणी मिशनच्या शाळेत. जुने लोक शिरगणतीला खानेसुमारी म्हणत, उर्दू शिकलेले मर्दुमशुमारी म्हणत. निजामाच्या राज्यात ती पहिल्यांदा 1881 साली झाली. तेव्हापासून गणकाला मातृभाषा मराठी असे सांगत आलेली कुटुंबे आपल्या गल्लीत आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. तो विषय पुन्हा केव्हातरी.

कोरहाच्या वंशजांचे स्तोत्र 87 याच रकान्याविषयी आहे. परमेश्वर स्वतः वही घेऊन बसला आहे आणि राष्ट्रांची नोंद करतो आहे, असे चित्र तेथे आहे. समोर कोण येतात? रहाब म्हणजे मिसर, बाबेल, पलेशेथ, सोर, कूश. यातील पहिल्यांनी इस्राएलास गुलाम केले, दुसऱ्यांनी मंदिर जाळले, तिसऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई चालली. आणि परमेश्वर प्रत्येकाच्या जन्मस्थानाच्या रकान्यात सियोन लिहितो. जो तेथे राहत नव्हता, जो तेथे जन्मलाही नव्हता, त्याला तो तेथला करून टाकतो. आमच्या बाईंना नियमाप्रमाणे जे करता आले नाही ते तो करतो. याची किंमत अर्ध्या शेकेलाने चुकली नाही, ती वधस्तंभावर चुकविली गेली. म्हणूनच सत्तर शिष्य परत येऊन आपण किती भुते काढली याचे आकडे सांगू लागले, तेव्हा प्रभूने त्यांचे लक्ष स्वर्गात लिहिलेल्या नावांकडे वळविले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक गोष्ट सुचवायची आहे. तेलंगणाच्या त्या सर्वेक्षणात सुमारे 3 कोटी 54 लक्ष लोकांची नोंद झाली आणि सुमारे 3.1 टक्के कुटुंबे राहून गेली. काहींची दारे बंद होती, काहींनी नकार दिला. मग फेब्रुवारी 2025 मध्ये, 16 ते 28 तारखेपर्यंत, राहिलेल्यांसाठी पुन्हा मुदत देण्यात आली. ज्यांनी दार लावून घेतले होते त्यांनाही.

आपल्या कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वीचे हजेरीपट असतील. त्यात प्रत्येक वर्गात काही नावे अशी आहेत की त्यांच्यापुढे आरंभी हजेरीच्या खुणा आहेत, मग गैरहजेरीच्या, आणि पुढच्या वर्षीच्या पटावर ते नावच नाही. कोणी घर बदलले, कोणाच्या आईबापांचे मंडळीशी बिनसले, कोणाला बूट नव्हते म्हणून लाज वाटली. ते पट काढा. एका बुधवारच्या प्रार्थनासभेत ती नावे सावकाश, पूर्ण, वडिलांच्या नावासह वाचा. ज्याला ज्याचा ठावठिकाणा माहीत असेल त्याने हात वर करावा, आणि पत्ता किंवा फोन नंबर त्या नावापुढे पेन्सिलीने लिहून घ्यावा. दोन-दोन शिक्षकांनी नावे वाटून घेऊन रविवारी दुपारी जावे. वर्गणीविषयी काही बोलू नये. ज्या नावांना कोणीच हात वर करणार नाही, ती पुढच्या बुधवारी पुन्हा वाचावीत.